पोस्टग्रेसमध्ये एमडी५ सोडून स्क्रॅम : काही महिन्यांच्या वापरानंतर

पोस्टग्रेस या डेटाबेसचे आमचे सगळे सर्व्हर पासवर्ड तपासण्याच्या स्क्रॅम-शा-२५६ या पद्धतीवर आणून आता बरेच महिने झाले. माझं मत आधीच सांगतो : जे अजून एमडी५ या जुन्या पद्धतीवर आहेत, त्यांनी हे काम आणखी पुढे ढकलू नये.

का, ते बघायचं असेल तर सुपरयूझरने लॉगिन करून पीजी_ऑथआयडी हा कॅटलॉग (यूझरची माहिती ठेवणारा सर्व्हरचा आतला टेबल) उघडा. जुन्या पद्धतीत पासवर्डच्या कॉलममध्ये 'एमडी५' आणि पुढे ३२ अक्षरांचा हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेला संकेत) दिसतो. तो पासवर्डला यूझरचं नाव जोडून काढलेला असतो, रँडम सॉल्ट (हॅश दर वेळी वेगळा यावा म्हणून मिसळायचा मजकूर) नसतोच. त्यामुळे दोन सर्व्हरवर 'पोस्टग्रेस' या यूझरचा पासवर्ड एकच असेल, तर हॅशही हुबेहूब तोच. त्याहून वाईट म्हणजे लॉगिन करायला मूळ पासवर्ड लागतच नाही, हा हॅश पुरतो. पीजी_डंपऑल या कमांडने घेतलेल्या बॅकअपमध्येही तो जसाच्या तसा जातो. अशा बॅकअप फाइल कुठे कुठे पडलेल्या असतात, हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

स्क्रॅममध्ये प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट असतो आणि हॅशच्या गणिताची डीफॉल्ट ४०९६ आवर्तनं होतात. त्या कॉलममधला मजकूर कुणी पळवला, तरी नुसत्या त्यावर लॉगिन होत नाही. पासवर्डच कच्चा असेल तर तो अंदाजाने शोधता येतो, तिथे स्क्रॅमचाही इलाज चालत नाही.

बदलाचं काम थोडं किचकट आहे. एमडी५ हॅशवरून स्क्रॅम बनवता येत नाही, प्रत्येक पासवर्ड नव्याने सेट करावा लागतो. पण कुणी कोणत्या पद्धतीने लॉगिन करायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये 'एमडी५' लिहिलेलं असलं, तरी ज्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवलाय त्याच्याशी सर्व्हर आपोआप स्क्रॅमनेच बोलतो. ही सोय फार मोलाची. एकेक ॲप्लिकेशन सवडीने हलवलं आणि ती ओळ सगळ्यांत शेवटी बदलली. अडलं ते जुन्या जावा ॲपवर : 'ऑथेंटिकेशन टाइप १०' सपोर्टेड नाही, असा एरर आला. जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२.० च्या पुढचा टाकल्यावर चाललं. दर क्वेरीला नवं कनेक्शन उघडणाऱ्या ॲपना ही आवर्तनं जाणवतात. तिथे पूलिंग करून घ्या, म्हणजे उघडलेली कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरा.

इतकं करूनही उघडे पासवर्ड उरतातच, आणि मला खरी काळजी त्यांची वाटते. होम फोल्डरमधल्या .पीजीपास फाइलमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. लिनक्सवर तिची परमिशन ०६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) हवी, ढिली असेल तर क्लायंट ती फाइल वाचतच नाही, एवढाच काय तो आडोसा. एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर नेणाऱ्या लॉजिकल रेप्लिकेशनच्या सबस्क्रिप्शनमध्ये कनेक्शन स्ट्रिंग पासवर्डसकट साठते. बाहेरच्या डेटाबेसमधला डेटा इथून वापरू देणाऱ्या फॉरिन डेटा रॅपरच्या यूझर मॅपिंगचंही तेच. 'ऑल्टर रोल' ही एसक्यूएल कमांड लिहून पासवर्ड बदलला, तर तो सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि पीएसक्यूएल या कमांड-लाइन क्लायंटच्या हिस्टरीत उघडाच राहू शकतो. म्हणून आमच्याकडे आता पासवर्ड फक्त पीएसक्यूएलच्या बॅकस्लॅश-पासवर्ड कमांडने बदलतात. ती हॅश क्लायंटकडेच तयार करून पाठवते. आणि डंप (बॅकअप) घेताना रोलचे, म्हणजे यूझरचे, पासवर्ड वगळायचा पर्याय लावतो.

२०२१ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून स्क्रॅम डीफॉल्ट आहे, १८ व्या आवृत्तीत तर एमडी५ पासवर्ड ठेवताना वॉर्निंग येते. पण जुना क्लस्टर (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसचा संच) अपग्रेड केला म्हणून आतले हॅश बदलत नाहीत. अपग्रेड झालं की पीजी_ऑथआयडी उघडून तो कॉलम एकदा स्वतः बघा.