बंद शिखराचं बुकिंग: स्टोक कांगरीच्या नावाखाली झालेली फसवणूक

लडाखमधलं ६,१५३ मीटर उंचीचं स्टोक कांगरी शिखर २०२० पासून चढाईसाठी बंद झालं. २०२२ च्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या एका आयोजकाने तेच शिखर लातूरच्या आमच्या ग्रुपला माणशी अठ्ठावीस हजारांना विकलं. प्रवासखर्च वेगळा.

ग्रुपमध्ये पैसेवालं कुणी नव्हतं. एसटीत कंडक्टर असलेली एक ताई, मार्केट यार्डात आडतीवर हिशेब लिहिणारा पोरगा, नर्सिंगच्या मुली. एकाने तर घरात ठेवलेलं सोयाबीन मोडून पैसे भरले. पहाटे पाठीवर वजन घेऊन औसा रोडने चालायचं, रविवारी हत्तीबेट नाहीतर खरोसा लेणीची टेकडी चढायची, अशी सगळ्यांची मनापासून तयारी चालली होती.

आयोजक फार गोड बोलायचा. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या नावाचं परवानगीपत्र त्याने व्हॉट्सअॅपवर टाकलं. शिक्का, सही, तारखा, आमची नावं, सगळं त्यात होतं. मूळ प्रत मागितली की म्हणायचा, "सर, ती लेहच्या ऑफिसात जमा असते." पैसे फर्मच्या नव्हे, तर त्याच्या घरातल्या माणसाच्या खात्यावर गेले. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'समिटची गॅरंटी'. सहा हजार मीटरवर गॅरंटी कोण देऊ शकतो? हवामान फिरलं किंवा कुणाला उंची बाधली, तर जबाबदार लीडर माथा समोर दिसत असतानाही माघारी वळवतो. त्याच्या कार्यक्रमात लेहमध्ये विश्रांतीला एकच दिवस होता. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, आपलं लातूर सहाशेच्या आसपास. विमानाने उतरल्यावर निदान दोन दिवस शरीराला उसंत द्यावी लागते. तशीच घाई करून माणसं वर नेली, तर फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी होऊन जीव जाऊ शकतो. पैसे बुडाल्यापेक्षा मला याचा संताप जास्त आहे. तरण्याताठ्या लेकरांचे जीव त्याच्या हिशेबात कुठेच नव्हते.

लेहमध्ये घरमालकीणबाईंनी सहज विचारलं, कुठं निघालात. नाव ऐकताच त्या म्हणाल्या, "स्टोक? वो तो दो साल से बंद है." गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन ते बंद करवलं होतं. गर्दी वाढली, कचरा साठला, हिमनदी आटत चालली, आणि तिच्याच पाण्यावर स्टोक गावाचं पिणं आणि शेती. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या गावाचं म्हणणं आम्हाला तिथल्या तिथे पटलं.

आयोजकाला फोन लावला. तो जरासुद्धा गडबडला नाही. "काही टेन्शन नाही ताई, कांग यात्से शिखरावर नेतो, माणशी बारा हजार वाढवून टाका." म्हणजे हा दुसरा डाव आधीच ठरलेला होता! घरापासून इतक्या लांब, हातात सुट्टीचे मोजके दिवस. अशा वेळी माणूस पैसे देऊन मोकळा होतो, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. आम्ही नकार दिला, तसा त्याचा फोन बंद झाला. तंबू आणि घोडेवाल्यांची व्यवस्था ज्याच्याकडे असल्याचं सांगितलं होतं, त्या स्थानिक माणसाला एक रुपयाही पोचलेला नव्हता.

म्हणून पैसे भरण्याआधी शिखर चालू आहे का, हे त्या डोंगराखालच्या गावात, तिथल्या होमस्टेला फोन करून विचारा. परवानगीपत्र खरं आहे का, हे ज्या संस्थेचं नाव त्यावर आहे तिलाच विचारा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवा. उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे निघून जाते.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आयोजकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. तारखा चालू आहेत. त्याने व्हॉट्सअॅपवरचे सगळे मेसेज उडवले, पण कंडक्टर ताईंनी पहिल्या दिवसापासूनचे स्क्रीनशॉट जपून ठेवले होते. आमची सगळी तक्रार आज त्या स्क्रीनशॉटवरच उभी आहे.