थेट घोडबंदरवरून की विकास आराखड्यातील रस्त्याने?

ठाण्यात कासारवडवलीतील नियोजित गृहसंकुलाला घोडबंदर रस्त्यावरून थेट प्रवेश दिल्यास शेजारच्या जुन्या वसाहतीतील रहिवाशांची शांतता टिकेल, हे खरे. परंतु न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रो ४ चे खांब आणि वळण्यासाठी थबकलेल्या मोटारी यांचा मेळ तेथे बसणे कठीण आहे. सकाळी शाळेची एक बस वळली, तरी मागची रांग दूरवर जाते.

शहराच्या विकास आराखड्यात आखलेला आतला रस्ता कागदावर सरस ठरतो. तो मात्र वसाहतीच्या कुंपणाला खेटून जातो आणि मधल्या काही जागा अद्याप ताब्यात यायच्या आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार मालकाला रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे अन्यत्र वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतात. तरीही संमतीला वेळ लागतोच. शिवाय राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत अनुज्ञेय चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल हे, रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असल्याने रुंदीकरणाच्या आग्रहामागे केवळ लोकांची सोय आहे, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

माझा कौल आतल्या रस्त्याला आहे. मात्र तो पूर्ण होईपर्यंत संकुलाला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला येण्याची परवानगी, देऊ नये.