गाणं स्वयंपाकघरापर्यंत पोचेना: रिपीटर घ्यावा, मेश घ्यावा की वायर ओढावी?

आईच्या जुन्या कॅसेटी मी एकेक करून संगणकावर उतरवल्या. संगणक हॉलमध्ये, राउटर त्याच्या शेजारी, आणि ती ऐकते स्वयंपाकघरात, ओट्यावर फोन ठेवून; गाणी संगणकावरून वायफायने फोनवर येतात. हॉलमध्ये बसून लावलं की गाणं सुरेख चालायचं. ओट्यापाशी मात्र तान समेवर येता येताच आवाज बंद व्हायचा, पडद्यावर चक्र फिरायचं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत ऐकणाऱ्याचं मन उडालेलं असायचं. पुढे नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे हीच तक्रार ऐकली आणि सगळ्यांनी विचारलं तेही एकच, की आता विकत काय घ्यायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ तपासात घालवा. त्यानंतरही खर्च करावाच लागला तर वायरीचा विचार सगळ्यात आधी करा आणि रिपीटरचा, म्हणजे वायफायचा सिग्नल ऐकून पुढे पसरवणाऱ्या डबीचा, सगळ्यात शेवटी.

कारण गाण्याला वेग फारसा लागतच नाही. चांगल्या प्रतीच्या एमपीथ्रीला सेकंदाला ३२० किलोबिट पुरतात. सीडीचा कच्चा आवाज १,४११ किलोबिटचा, आणि तोच फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता आकार कमी करणाऱ्या प्रकारात, बांधला की त्याहून बराच कमी. घरातलं कमकुवत वायफायसुद्धा याच्या कितीतरी पट वाहून नेतं. नळाला धार बारीक असली तरी चालते, पण ती तुटता कामा नये. म्हणूनच इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन हा त्रास जात नाही. संगणकावरचं गाणं फोनवर येताना घराबाहेर जातच नाही.

मग धार तुटते कुठे? फोन राउटरपासून हातभर अंतरावर धरा आणि नेहमी अडकणारं गाणं लावा. तिथेही अडकलं तर भिंतींना दोष देऊ नका. संगणक झोपी जात असेल, किंवा पडदा बंद झाल्यावर फोनची बॅटरी-बचत त्या ॲपचा गळा आवळत असेल. त्या ॲपपुरती बचत बंद करून पाहा. यानंतर आकाशवाणीचं ॲप लावा. ते स्वयंपाकघरात अडखळतं आणि राउटरजवळही अडखळतं, पण संगणकावरची गाणी राउटरजवळ नीट वाजतात, असं असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे आणि या लेखातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. शेवटी पिंग करणारं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारं, एखादं फुकट ॲप घेऊन ओट्यापाशी उभं राहून राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, दोन मिनिटं पिंग करा. राउटरजवळ उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. ओट्यापाशी तेच तीनशे-चारशेवर उड्या मारत असेल किंवा मधली उत्तरं गायब होत असतील तर दुखणं सापडलं.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

पैसे न मोडता होणारी निवड ही, आणि बरेच जण ती करतच नाहीत. २.४चा बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, भिंतीपलीकडे लांब जातो, पण तिथे गर्दी फार. सोसायटीत दहा-वीस घरांचे राउटर, मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, सगळे त्याच पट्ट्यात. त्यात एकमेकांना न अडवणारी चॅनलं, म्हणजे पट्ट्याचे भाग, तीनच धरतात: १, ६ आणि ११. राउटर ‘ऑटो’वर सोडण्यापेक्षा तिघांपैकी सगळ्यात मोकळं चॅनल स्वतः निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५चा बँड मोकळा आणि चपळ, पण एका आरसीसी भिंतीपलीकडेच थकतो. राउटर आणि फोन यांच्यात एकच विटांची भिंत असेल तर ५ घ्या. दोन भिंती किंवा मध्ये स्लॅब असेल तर २.४ अधिक भरवशाचा.

ब्लूटूथ हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी मात्र ५चं पारडं जड आहे. फोन २.४वर गाणं घेतो आणि ब्लूटूथवरून त्याच पट्ट्यात बाहेर पाठवतो. बहुतेक फोनमध्ये ही दोन्ही कामं एकाच चिपवर आळीपाळीने चालतात, त्यामुळे कुणीतरी अडखळतंच. वायरचा इअरफोन लावल्यावर अडकणं थांबलं तर हेच कारण समजा.

रिपीटर

स्वस्त, प्लगात खोचला की झालं, म्हणून हाच सर्वात जास्त खपतो. पण एकाच बँडवर चालणारा रिपीटर जे ऐकतो तेच त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट लागतो आणि गर्दीत आणखी भर पडते. लोक तो स्वयंपाकघरात लावतात, जिथे मूळ सिग्नल आधीच मेलेला असतो. मेलेल्या सिग्नलची पुनरावृत्ती करून काय मिळणार? फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि गाणं तसंच तुटतं. लावायचाच तर दोन बँडवाला घ्या आणि अर्ध्या वाटेवर लावा. हॉलमध्ये ऐकत ऐकत ओट्याकडे गेलं की फोन जुन्या सिग्नलला चिकटून राहतो, ही अडचण मात्र तरीही सुटत नाही.

मेश

मेश म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली वायफाय यंत्रं. फोन हातात घेऊन घरभर फिरणाऱ्यांना याचा खरा उपयोग. सगळ्या ठिकाणी एकच नाव, आणि फोनने जवळचं यंत्र धरावं म्हणून यंत्रं आपापसात ताळमेळ ठेवतात. तीन बँडच्या मेशमध्ये यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा बँड वापरता येतो, म्हणून रिपीटरची अडचण तिथे बरीच कमी होते. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला खिळा मारायलाही मालकाची परवानगी लागते, तिथे मी मेशच सुचवेन.

एका खड्ड्यात मात्र अनेक जण पडतात. फायबरवाल्याने दिलेला डबा स्वतःच राउटर असतो. त्याला मेश जोडला आणि तोही राउटर म्हणूनच चालू राहिला तर घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. संगणक जुन्या डब्यावर, फोन मेशवर, आणि फोनवरच्या ॲपला संगणक दिसतच नाही. डीएलएनएसारख्या, घरातल्या घरात गाणी पाठवण्याच्या पद्धतीत फोन ‘कोण आहे?’ अशी हाक घरभर देतो, आणि ती हाक दोन नेटवर्कांमधला उंबरा ओलांडत नाही. मेश ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, म्हणजे राउटरचं काम सोडून तो फक्त वायफाय देऊ लागला, की हे मिटतं. फोन चुकून पाहुण्यांच्या वायफायवर असला किंवा राउटरमध्ये यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं ‘आयसोलेशन’ चालू असलं तरी लक्षण हेच. संगणक काही मिनिटं दिसून मग यादीतून नाहीसा होत असेल तर अशा हाका कुणाकडे पाठवायच्या ते ठरवणारं, राउटरमधलं ‘आयजीएमपी स्नूपिंग’ उलट करून पाहा, चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. या हाकांचा कंटाळा आला तर जेलीफिन किंवा नॅव्हिड्रोमसारखा फुकट सर्व्हर संगणकावर बसवा. फोनमध्ये त्याचा पत्ता एकदा टाकला की शोधाशोधच उरत नाही. राउटरमध्ये संगणकाला कायमचा पत्ता तेवढा बांधून द्या.

वायर आणि जुना राउटर

माझ्या घरी शेवटी हेच केलं. कपाटात पडलेला जुना राउटर बहुतेकांकडे असतो. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्या, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, आणि मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचेतून, आलेली कॅट ६ प्रकारची नेटवर्क वायर याच्याही लॅन पोर्टमध्येच लावा. वॅनमध्ये, म्हणजे बाहेरचं इंटरनेट जोडायच्या खाचेत, लावली तर वर सांगितलेली दोन नेटवर्कं पुन्हा उभी राहतात. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवा, चॅनल वेगळं द्या, इकडे १ तर तिकडे ११. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते, घरात इतकी कुठे लागते? विजेच्या वायरींच्या नळीतून मात्र ती ओढू नका, वेगळी पट्टी मारून घ्या. फोन एका खोलीतून दुसरीत जाताना क्षणभर अडखळू शकतो, आणि इथे मेश सरस आहे. पण ओट्याजवळ फोन ठेवून तासभर ऐकणाऱ्याला तो क्षण येतच नाही.

कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात, किंवा वरचा मजला स्लॅबवर असलेल्या बंगल्यात, हवेतून जाणाऱ्या कुठल्याही उपायावर माझा भरवसा नाही. तिथे मेश घेतला तरी त्याची यंत्रं वायरीनेच जोडा. विजेच्या वायरिंगमधूनच नेटवर्क नेणारे अडॅप्टरही मिळतात, पण खोल्या वेगळ्या फेजवर असल्या किंवा मध्ये स्पाइक गार्ड आला तर त्यांचं काम बिघडतं. परत करता येत असतील तरच घ्या.

ऐकणारी व्यक्ती एकच असेल आणि फोनमध्ये मेमरी कार्डाची जागा असेल, तर यातलं काहीही करण्याआधी साधा हिशेब करा. ३२० किलोबिटच्या गाण्यांना तासाला १४४ मेगाबाइट लागतात, म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डावर ४०० तासांहून अधिक संगीत बसतं. आईचा सगळा साठा त्यात दोनदा मावला असता. मी वायर ओढली ती नव्या कॅसेटी अजून उतरवतो आहे म्हणून, आणि त्या दर आठवड्याला कार्डावर चढवणं होईना म्हणून.