चॅट्सवर्थ की केडलस्टन? डर्बीशायरमधला एक दिवस

इंग्लंडमधल्या डर्बीशायरसाठी एकच दिवस असेल तर बहुतेक जण चॅट्सवर्थला जातात. सोबत लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील तर तेच योग्य. ड्यूक ऑफ डेव्हनशायर घराण्याचा हा वाडा, भोवती १०५ एकरांची बाग. इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८४४ मध्ये उभारलेलं एम्परर कारंजं पंपाविना उडतं. टेकडीवरच्या तलावाचं पाणी नुसत्या उताराने जोर धरतं. याच पॅक्स्टनने इथल्या काचघरात केळी पिकवली आणि मालकांच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश म्हणू लागले. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या, हे बागेत फिरताना मुलांना जरूर सांगा. वाड्यात गर्दी असते. दालनांची आवड नसेल तर फक्त बागेचं तिकीट काढा, दिवस छान जातो.

तरीही, पूर्वी एखादा मोठा इंग्रजी वाडा पाहिला असेल, तर मी कर्झन घराण्याचा केडलस्टन हा वाडा सुचवेन. मार्बल हॉलमधले अलाबास्टरचे २० खांब पाहिले की वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडमचं नाव एवढं मोठं का, ते कळतं. पण आपल्यासाठी खरं कारण वेगळं आहे. लॉर्ड कर्झन इथे जन्मला. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस याच वाड्यावरून बेतलेलं, आणि व्हाइसरॉय म्हणून तो तिथेच राहिला. त्याने आशियातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय तळमजल्यावर आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही इथल्याच संग्रहातला. त्यावरचं जरीकाम भारतीय कारागिरांचं. याच कर्झनने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली आणि पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. ती दालनं भरभर पाहू नका; कोणती वस्तू कुठून आली, ते फलकांवर नीट वाचा.

खर्चाचं म्हणाल तर केडलस्टन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यामुळे तिच्या सभासदांना प्रवेशाचे वेगळे पैसे पडत नाहीत. चॅट्सवर्थला ते सभासदत्व चालत नाही. केडलस्टनचा वाडा रोज उघडा असतोच असं नाही, तेव्हा वार पाहून निघा. गाडी नसेल तर मात्र चॅट्सवर्थच बरं: शेफील्डहून थेट बस मिळते, केडलस्टनसाठी डर्बीहून टॅक्सी करावी लागते.