रीपरसोबत चौदा महिने: पंखा, तंबोरा आणि करडा पडदा

पहिल्या दिवशी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा मला वाटलं, डाउनलोड अर्धवट झालंय. करडा पडदा, वर चार बटणं, डावीकडे रिकामी जागा. वाजवून बघायला एक आवाज नाही की तयार ठेका नाही. त्याआधी जे सॉफ्टवेअर वापरत होते त्यात उघडताक्षणी पियानो, ड्रम, रंगीबेरंगी चौकोन असा सगळा बाजार मांडलेला असायचा. इथे म्हणजे भाड्याच्या रिकाम्या खोलीत शिरल्यासारखं. खिळा मारायचा तरी आपणच.

मी मिरजेत राहते. दहा बाय बाराच्या खोलीत भजनी मंडळं, नाट्यपदं आणि क्लासच्या मुलांचं गाणं रेकॉर्ड करते. दोन बरे माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा एक चार इनपुटांचा इंटरफेस, लॅपटॉप जुना. हे सांगायचं कारण, खालचं सगळं याच कामाबद्दल आहे. तुम्ही ड्रम मशीनवर बीट बनवत असाल तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही.

रीपर कॉकोस कंपनीचं. जस्टिन फ्रँकेल, ज्याने १९९७ मध्ये विनॅम्प हे गाणी ऐकायचं सॉफ्टवेअर काढलं, त्याचंच हे पुढचं काम. सायबर कॅफेत बसून विनॅम्पच्या स्किन बदलण्यात तास घालवलेली आमची पिढी, त्यामुळे इथेही रूप बदलायची सोय असणार हे मी गृहीत धरलं होतं, आणि ती आहेच. पहिली आवृत्ती २००६ मधली. मी वापरते ती सातवी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली.

माझं खरं दुखणं होतं ताल. यातही नवा प्रोजेक्ट चार मात्रांचा आणि मिनिटाला १२० मात्रांच्या लयीचाच उघडतो, पण पुढे ते कसला हट्ट धरत नाही. सात मात्रा हव्यात, सात घ्या. मेट्रोनोमची कोणती टिचकी ठळक आणि कोणती बारीक, तेही आपण ठरवायचं. रूपक तालाची सम ‘खाली’च्या मात्रेवर, म्हणजे टाळी न देता हात उलटा करायच्या मात्रेवर येते, म्हणून मी पहिली मात्रा बारीक ठेवली आणि चौथी-सहावी ठळक. क्लासमधली मुलगी हेडफोन लावून हातावर रूपक धरत गायली तेव्हा तिचा खालीचा हात आणि टिचकी जुळत होते. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या मात्रेवर ‘टण्ण’ व्हायचं आणि पोरं तिथे टाळी द्यायची. ती सवय मोडायला मला वेगळा तास घ्यावा लागायचा.

मग आलं भजनी मंडळ. मी पखवाजवाल्या बुवांच्या कानाला हेडफोन लावला, टिचकी सुरू केली. दुसऱ्या कडव्याला त्यांनी हेडफोन काढून गुडघ्यावर ठेवला. म्हणाले, “ताई, ते यंत्र बंद करा. अभंग चढत जातो, तुमचं यंत्र आहे तिथंच बसून राहतं.” बरोबरच होतं त्यांचं. सुरुवातीला ७२ च्या आसपास असलेली लय शेवटच्या गजरात ११८ वर गेली होती, आणि ती तशी जायलाच हवी.

तर आता उलटं करते. आधी त्यांना मोकळं वाजवू देते. नंतर पडद्यावरच्या आवाजाच्या लाटांमध्ये सम शोधून एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचा तुकडा निवडायचा आणि सांगायचं, हे एक आवर्तन, यात आठ मात्रा. लय किती ते सॉफ्टवेअर काढतं आणि पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा वादकामागे चालत येतात. सगळ्या अभंगाला असं करायला तासभर लागतो. पण नंतर टाळाचा एखादा चुकलेला ठोका दुसरीकडून उचलून बसवायचा असेल तर तो रेघेवर आपोआप बसतो.

इथेच मी पहिल्यांदा तोंडावर आपटले. रेकॉर्डिंग घेऊन झालं, लयीच्या खुणा घातल्या आणि ऐकते तर पखवाज कुठे ताणलेला, कुठे आक्रसलेला, हरिनाम लाटेवर हेलकावे खातंय. दोष माझाच. प्रत्येक ट्रॅकला ‘टाइमबेस’ नावाची गोष्ट असते: तो ट्रॅक घड्याळाला बांधलेला आहे की मात्रांना. मात्रांना बांधला असेल तर लय बदलली की आवाजही ताणला जातो. मोकळ्या गाण्यासाठी तो आधी घड्याळाला बांधायचा, मगच खुणा घालायच्या. हे मला कळलं रात्री साडेअकराला, जेफ्री फ्रान्सिस यांनी लिहिलेली चारशेच्या वर पानांची पुस्तिका चाळताना. ती पुस्तिका फुकट आहे आणि चांगली आहे, पण चारशे पानं वाचून कोण गायला बसतं?

विलंबित ख्यालाला मी रेघा पूर्ण बंदच करते. गाणं चालू असताना प्रत्येक समेला ‘एम’ दाबायचं, खूण पडते. बाकी काही नको.

आता प्लगिन, म्हणजे आवाजावर लावायची छोटी जोड-सॉफ्टवेअरं. रीपरसोबत येणारे प्लगिन दिसायला सरकारी अर्जासारखे आहेत. काही पट्ट्या, आकड्यांच्या चौकटी, बस्स. माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचा विकतचा कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार आवळणारा प्लगिन) होता, त्यावर जुन्या यंत्राचा फोटो, पितळी स्क्रू, पिवळा दिवा, हलणारा काटा. तो लावला की आवाजाला ‘ऊब’ येते असं मी दोन वर्षं लोकांना सांगत होते. एका रविवारी भाच्याला बसवलं. त्याने एकाच आवाजावर एकदा तो आणि एकदा रीपरचा करडा रिआकॉम्प लावला, दोन्हींची पातळी सारखी केली आणि मी डोळे मिटून ओळखायचं. सहापैकी तीन बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. पातळी सारखी करणं हा त्यातला कळीचा भाग, कारण थोडा मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि त्या पितळी यंत्राचा आउटपुट मुळातच चढा होता. म्हणजे ऊब होती ती काट्यात आणि दिव्यात.

त्यानंतर मी त्या कंपनीचं नूतनीकरण केलं नाही. आणखी एक कारण होतं. त्यांच्या प्लगिनला अधूनमधून इंटरनेटवरून परवानगी तपासावी लागायची, आणि कृष्णेकाठच्या एका देवळात रेंज नसताना त्याने ऐन वेळी तोंड फिरवलं. रीपर पेनड्राइव्हवर बसवून नेता येतं, त्याला विचारायला कुणी लागत नाही.

पण फुकटच्या प्लगिननेही एकदा हात भाजले आहेत, आणि ती गोष्ट जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे एप्रिलमध्ये पंखा बंद करून गाणं घ्यायचं म्हणजे गायक उठून जातो. पंख्याची घरघर काढायला रीपरमध्ये रिआएफआयआर आहे. त्याला ‘वजाबाकी’वर ठेवायचं, गोंगाटाचा नमुना घ्यायच्या खिडकीत टिक करायची, नुसता पंखा वाजतो तो दोन-तीन सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि टिक काढायची. पुढे तेवढा गोंगाट सगळीकडून वजा होतो. ही टिक काढायला विसरलात तर ते गाण्यालाही गोंगाट समजून शिकत बसतं आणि आवाज हळूहळू विरत जातो. ती चूक सगळेच एकदा करतात.

माझी चूक त्याहून देखणी होती. गाणं सुरू व्हायच्या आधी शांत तुकडा शोधायला गेले. पण शास्त्रीय गाण्यात शांत तुकडा असतो कुठे? तंबोरा पहिल्यापासून चालूच असतो. मी तोच तुकडा नमुना म्हणून दिला. आता तंबोराच गोंगाट ठरला. घरघर गेली, जवारी (तारांचा झंकार) गेली, आणि गंमत म्हणजे गायिकेचा ऋषभ ठीक, मध्यम ठीक, पण ती षड्जावर आली की आवाज पोकळ. तंबोऱ्याच्या तारा जिथे वाजतात तिथलं सगळं वजा होत होतं, आणि षड्ज तर तिथेच. मला वाटलं तिचा घसा बसला. तिला गरम पाणी दिलं! मग ट्रॅकवरचा तो प्लगिन बंद करून ऐकलं आणि कान पकडले.

या गावात तंबोरे बनतात. पंढरपूरकडचे भोपळे येतात, आणि जवारी लावणारा कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवत तासभर बसतो. त्याने काढलेला तो झंकार मी एका टिकेने पुसला होता. आता गायक बसायच्या आधी, तंबोरा छेडायच्याही आधी, दहा सेकंद फक्त पंखा रेकॉर्ड करते. आणि वजाबाकी शक्य तेवढी कमी.

रिआट्यून हा सूर दुरुस्त करणारा प्लगिन. आपोआप दुरुस्तीवर ठेवला तर तो प्रत्येक स्वर पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी खाली असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. काळी चारमध्ये गाणारी आमची ताई नेमका तो तंबोऱ्याचा गांधार लावत होती आणि प्लगिन तिला ‘सुधारून’ वर ढकलत होता. मींड तर जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची झाली. आता त्याचा उपयोग फक्त काटा बघायला, मुलांना दाखवायला: बघ, निषाद उतरलाय.

मांडणीबद्दल सांगायचं तर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ट्रॅकमध्ये जातपात नाही. बाकी ठिकाणी आवाजाचा ट्रॅक वेगळा, मिडीचा (वाद्याच्या कळांच्या नोंदींचा) वेगळा, बसचा (अनेक ट्रॅक एकत्र करणारा) वेगळा. इथे ट्रॅक म्हणजे ट्रॅक. दायां आणि डग्गा असे दोन ट्रॅक घ्या, ‘तबला’ नावाच्या ट्रॅकच्या पोटात सरकवा, तो त्यांचा मोठा भाऊ झाला. त्याच्यावर लावलेला प्लगिन दोघांना लागतो. हे समजवायला मला शिकाऊ मुलाला दोन मिनिटं लागली.

नावडती गोष्ट म्हणजे मेनू. उजवं बटण दाबलं की जी यादी उलगडते ती बघून एसटीच्या वेळापत्रकासमोर उभं राहिल्यासारखं होतं. सगळं आहे, पण आपलं कुठे आहे? यावरचा माझा तोडगा असा. प्रश्नचिन्हाची कळ दाबली की सगळ्या आज्ञांची यादी उघडते, त्यात शोधता येतं. जी आज्ञा आठवड्यात तीनदा शोधली तिला एक कळ द्यायची. सहा महिन्यांत माझ्या अकरा कळा झाल्या आणि मेनूत जाणं जवळजवळ थांबलं. दोन-तीन आज्ञा एकामागे एक ओवून एकच करता येते: माझ्या एका कळेला रेकॉर्डिंग थांबतं, घेतलेला टेक, म्हणजे गाण्याचा तो प्रयत्न, बंद होतो आणि नवीन ट्रॅक सुरू होतो. मंडळी “पुन्हा घेऊ” म्हणाली की मला माउसला हात लावावा लागत नाही.

सातव्या आवृत्तीत एकाच ट्रॅकच्या पोटात टेकच्या ओळी लावून, चांगले तुकडे निवडत एक गाणं जोडता येतं. मुलांच्या रेकॉर्डिंगला छान. नाट्यपदाच्या तानेला मी ते वापरत नाही, मधे श्वास कुठे गेला ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

एकदा आवाजाला घुमारा देणाऱ्या कुठल्याशा फुकटच्या रिव्हर्बमुळे प्रोजेक्ट उघडेचना. त्यातून सुटले ते रीपरच्या एका सोयीमुळे: सगळे प्लगिन निजवून प्रोजेक्ट उघडता येतो. शिवाय प्रोजेक्टची फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये वाचता येतो. घाबरून मी ती तिथे उघडली आणि आपलं आठ तासांचं काम कुठे गेलं नाहीये हे डोळ्यांनी बघितलं, तेव्हा चहा केला.

पैशाचं: ६० दिवस फुकट, त्यानंतरही चालतं, फक्त उघडताना काही सेकंद आठवण करून देतं. सवलतीचा परवाना ६० डॉलर, मोठ्या धंद्याला २२५. सातवीचा परवाना आठव्या आवृत्तीच्या शेवटापर्यंत चालतो. मी ६१ व्या दिवशी नाही, आठव्या महिन्यात भरले. ती आठवणीची खिडकी इतकी सभ्य आहे की तिचीच लाज वाटली.

तयार वाद्यं हवी असतील, पहिल्याच संध्याकाळी गाणं बाहेर पडायला हवं असेल, तर यात पडू नका. मिडीची खिडकी मला अजूनही अवघडल्यासारखी वाटते, पण मी पेटी हातानेच वाजवते, तेव्हा तक्रार करण्याएवढी तिथे जातच नाही.

गेल्या आठवड्यात बुवा परत आले. हेडफोन स्वतःहून मागितला आणि कानाला लावून विचारलं, “टिचकी नाही ना यात?” नाही म्हटलं. “मग आवाज जरा वाढवा,” म्हणाले आणि पखवाजाच्या पुडीला कणीक लावायला बसले. मी तेवढ्यात दहा सेकंद पंखा घेऊन टाकला.