कालवड भरभरून खाऊ घालायची की बेताने?

आमच्याकडे दोन्ही प्रकार बघितलेत म्हणून लिहितोय. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) कालवडीला तिसऱ्या महिन्यापासून माजावर येईपर्यंत पेंड-भरडा हवा तेवढा टाकला की ती दिवसाला किलोच्या वर वाढते, अंग चकाकतं, लवकर माजावर येते, पण या काळात कासेची वाढ बाकी शरीरापेक्षा जोरात चालू असते आणि दूध बनवणाऱ्या पेशींच्या नळ्या कासेतल्या चरबीच्या गादीतच पसरतात. म्हणजे चरबी पाहिजेच, तिच्यातून वाढीचे सिग्नलही मिळतात, फक्त ती जास्त झाली की गादी फुगते आणि नळ्या मागे पडतात. लवकर माजावर आल्याने नळ्यांना वेळही कमी मिळतो हे दुसरं कारण.

सडाच्या बुडाशी बोटांनी चाचपून बघा, बेताने वाढलेलीत या नळ्यांची घट्ट गाठ लागते, लठ्ठ कालवडीत नुसतं मऊ मऊ.

माझं मत बेताच्या बाजूने, दिवसाला ७००-८०० ग्रॅम वाढ, वजनाच्या अंदाजासाठी दर महिन्याला छातीचा घेर टेपने मोजायचा. पण दूध पिणाऱ्या वासरीला हा नियम लावू नका हो, पहिल्या दोन महिन्यांत भरपूर दूध पाजलं तर कासेला फायदाच होतो, तिथे हात आखडायचा नाही!