कायरोप्रॅक्टर: हात चांगला, पण शेकाचं बिल डोक्यात गेलंय

कंबर धरली म्हणून कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्याला हाताने झटके देऊन उपचार करणाऱ्याकडे, जात होतो. त्याच्या बिलांबद्दल विमा कंपनीचा कागद आला म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर कंबर बरी आहे, कोणी विचारलं तर सांगितलं असतं आणि विषय संपला असता.

कागदावर बहुतेक भेटींखाली बिलाचे तीन कोड आहेत, एकेका उपचाराचा एकेक. ९८९४० म्हणजे मणक्याच्या एक-दोन भागांवर हाताने केलेलं काम. ते ठीक, त्यासाठीच गेलो होतो. ९७०१४ म्हणजे कंबरेला चार पॅड चिकटवायचे, विजेचं मशिन सुरू करायचं आणि खोलीतून निघून जायचं. आणि ९७०१० म्हणजे गरम पॅक. शेक हो, शेक! टॉवेलात गुंडाळलेला. तोंड टेबलाच्या त्या भोकात खुपसून खालचं कार्पेट बघत पडायचं. माझ्या प्लॅनमध्ये हाताच्या कामाला दर भेटीला ४० डॉलर कोपे (माझा ठरलेला वाटा) लागतो, पण या दोन गोष्टी डिडक्टिबलमध्ये (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) गेल्या, म्हणजे सगळे पैसे माझ्या खिशातून. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, सांगलीला ये, रबरी पिशवी देते, चहाही देते."

तर सुरुवात जानेवारीत झाली. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, ड्राइव्हवेवरचा ओला बर्फ उपसताना कंबर धरली. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. फॅमिली डॉक्टरने तेवढं तपासलं आणि एमआरआय नको, हिंडतं-फिरतं राहा, असं सांगितलं. (लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर मात्र कायरोप्रॅक्टर वगैरे काही नाही, थेट इमर्जन्सी.) फिजिओथेरपीची तारीख लांबची मिळत होती, कायरोप्रॅक्टरची लगेच मिळाली. इतकं साधं कारण.

वेटिंग रूममधल्या पोस्टरवर दमा, कानाचं इन्फेक्शन, सगळंच मणक्यामुळे होतं असं काहीतरी होतं. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामरने एका ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी या धंद्याच्या जन्माची कथा. ती परंपरा अजून भिंतीवर लटकलेली आहे. मी तिकडे पाठ करून बसायचो.

माझा कायरोप्रॅक्टर मात्र कामाचा माणूस. कुशीवर झोपवायचा, वरचा गुडघा दुमडून, एका हाताने खांदा धरून, दुसऱ्याने कंबरेखाली अचूक झटका. कट्ट. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते त्याचा असतो. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटं मोडताना एमआरआय करून ते दाखवलंही आहे. हे त्याने स्वतःच सांगितलं, म्हणून विश्वास बसला. थोड्याच भेटींत मोजे उभ्याने घालता यायला लागले. त्याआधी बायको घालून द्यायची, आणि रोज तोच विनोद करायची.

मान मी करू दिली नाही. मानेचं काही दुखत नव्हतं, आणि मानेच्या झटक्याशी रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस क्वचित का होईना, जोडल्या गेल्या आहेत. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी तो धोका कशाला? त्याने वाद घातला नाही.

मार्चपर्यंत मी सगळं श्रेय झटक्याला देत होतो. आता तसं वाटत नाही. अशी ताजी कंबरदुखी बऱ्याच लोकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. शिवाय त्याने व्यायाम दिले होते: चार पायांवर ओणवं होऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं, पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकणं. मध्ये ऑफिसच्या गडबडीत व्यायाम सुटले, तेव्हा भेटी चालू असूनही कंबर पुन्हा आखडली. त्यामुळे झटक्याने सुरुवात सोपी करून दिली, पुढचं काम व्यायामाचं, असा माझा आजचा हिशेब.

आता पुन्हा मशिनकडे. शेकाला मी नावं ठेवत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली ताज्या कंबरदुखीसाठी औषधाआधीचे जे उपाय दिले, त्यात शेकही आहे, मसाज आहे, मॅनिप्युलेशनही (हाताने दिलेला झटका) आहे. पण शेक घरी घेता येतो! आणि विजेच्या मशिनबद्दल तर ब्रिटनच्या नाइसने (उपचारांचे नियम ठरवणारी तिथली संस्था) २०१६ सालीच सांगितलंय की कंबरदुखीसाठी टेन्स, इंटरफेरेन्शियल वगैरे विजेचे उपचार देऊ नका. हे मी काउंटरवर सांगितलं. "इट्स पार्ट ऑफ द प्रोटोकॉल," ती बाई हसून म्हणाली. मी कायरोप्रॅक्टरलाच गाठलं, त्याने खांदे उडवले आणि मशिन-शेक नको असं चार्टवर लिहून टाकलं. त्यानंतरही एका बिलात शेक आलाच. फोन केला, पंधरा मिनिटं ते संगीत ऐकलं, शेवटी त्यांनी तो बिलातून काढला.

मग मेंटेनन्स पॅकेज. दुखत नसताना महिन्याला दोनदा या, वर्षाचे पैसे आधी भरा. नाही म्हटलं. मेसेज अजून येतात.

ज्यांचे आईवडील मेडिकेअरवर (अमेरिकेतला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा) आहेत त्यांच्यासाठी: मेडिकेअर कायरोप्रॅक्टरकडच्या फक्त हाताने केलेल्या मणक्याच्या कामाचे पैसे देतं. त्याने काढलेला एक्स-रे, मशिन, शेक, मेंटेनन्स, काहीही नाही. टेबलावर झोपवण्याआधी काउंटरवर कोड विचारून घ्या, ते सांगतात.